मोरधनुष्याला गिऱ्हाईक पाहिजे

हिंमतअप्पा डोक्याला रुमाल बांधल्याशिवाय गेम खेळायला बसत नाहीत. रुमालही साधा नव्हे, लग्नकार्याला काढतात तो पिवळा. आधी पाय धुतात, मग रुमाल बांधतात, मग ओसरीवरच्या लोखंडी पलंगावर मांडी घालून मांडीवर उशी आणि उशीवर टॅब ठेवतात. एवढं झालं की काकू आतून ओळखतात, मालक गावाला निघाले.

मी एकदा विचारलं, की अप्पा, पडद्यात तुम्हाला कोण बघतंय, रुमाल कशाला? तर म्हणाले, "गुरुजी, उघडा डोकानं परका मुलुखमा जावानं नही. लोके काय म्हनतीन?"

त्या गेमचं खरं नाव इंग्रजीत आहे आणि चांगलं हातभर लांब आहे. अप्पा त्याला नुसतं 'मुलुख' म्हणतात. मुलखात डोंगर आहेत, किल्ले आहेत, आग ओकणारे अजगर आहेत, आणि जगभरातली माणसं तिथे वेगवेगळी रूपं घेऊन हिंडतात. आमचे अप्पा तिथे तिरंदाज आहेत. हिरवे डोळे, टोकदार कान, आणि कंबर एवढी बारीक की अप्पांच्या बंडीच्या एका बाहीत मावेल. बाकीच्या वीरांनी स्वतःला मृत्युदूत, कालरात्र अशी नावं घेतली आहेत. अप्पांच्या तिरंदाजाच्या डोक्यावर लिहिलेलं असतं, 'हिंमतअप्पा प्रकाशेकर'. आपलं नाव लपवायला आपण काय चोरी केली आहे, हा त्यांचा सवाल.

मी प्रकाशा गावच्या शाळेत इतिहास शिकवतो आणि अप्पांच्या भिंतीला भिंत लावून राहतो. त्यामुळे त्या मुलखाचा इतिहासही नाइलाजानं माझ्याकडे आला. अप्पांना इंग्रजी वाचता येत नाही, आणि मुलखातलं सगळं बोलणं टाइप करून चालतं. म्हणून संध्याकाळी हाक येते, आणि मी उत्तरपत्रिका बाजूला सारून त्यांचा चिटणीस होतो. कुरकुर करतो, पण जातो. घरच्यांचं म्हणणं, की हाक यायला उशीर झाला तर मीच आधी अंगणात येऊन उभा राहतो.

हे वेड लागलं ते पायामुळे. सात वर्षांपूर्वी अप्पा विहिरीच्या काठावरून घसरले आणि मांडीचं हाड मोडलं. बरेच दिवस दवाखान्यात काढून घरी आले ते पाय प्लॅस्टरमध्ये घालून. तापीकाठची काळी जमीन, केळी, कापूस, गडीमाणसं, असा जन्मभर उभा राहिलेला माणूस पलंगावर पडला आणि कोणाशी बोलेना. सुरतेचा पुतण्या भेटायला आला होता. त्यानं आपला जुना टॅब दिला, त्यात हा गेम घालून दिला आणि दुसऱ्या दिवशी निघून गेला. पाय बरा झाला, अप्पा चालायला लागले, पण मुलखातून काही परत आले नाहीत.

मुलखातही ते वागतात प्रकाशाच्या पाटलासारखेच. समोर कोणीही येवो, राक्षस असो की राजकन्या, आधी राम राम घालतात. त्यांच्या टोळीत नागपूरचा एक, बेळगावचा एक आणि ब्राझील देशातला एक असे गडी आहेत. तो ब्राझीलवालाही आता लढाईच्या आधी 'राम राम' लिहितो, आणि का लिहितो ते त्याला ठाऊक नाही. मुलखात गव्हाची शेतं आहेत, म्हणजे नुसती चित्रातली. सगळे वीर त्यातून घोडे घालतात. अप्पा बांधाबांधानं जातात. मागे अजगर लागला असला तरी बांधानंच जातात, आणि त्यापायी तीनदा मेले आहेत.

आता धनुष्याकडे येतो.

मुलखात एक सण होता. जंगलात पांढरा मोर उतरेल आणि त्याच्यापाशी खजिना आहे, अशी दवंडी झाली. हजारो तिरंदाज झाडाझाडांवर जाऊन बसले. मोर आला की बाण सुटायचे, मोर पडायचा आणि मारणाऱ्याला चार पिसं मिळायची. सगळे म्हणायला लागले, फसवणूक आहे, खजिना कुठाय? अप्पा मात्र ज्वारीची राखण करावी तसे एका दगडावर बसून राहिले. मी म्हटलं, अप्पा, मारा की. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी भर चौकात शिवी दिली. "मोर कोन मारस रे?" एवढंच बोलले. मोर आला, चरला, त्यांच्या दगडाभोवती हिंडला आणि पिसारा फुलवून नाहीसा झाला. जिथे उभा होता तिथे धनुष्य पडलं होतं.

खजिन्याची मेख तीच होती. मोराला न मारणाऱ्यालाच धनुष्य मिळायचं. सगळ्या मुलखात ते मोजक्याच लोकांना मिळालं, आणि त्यातले एक आमच्या गल्लीतले. माझी छाती अजूनही फुगते, खोटं कशाला बोलू.

आणि धनुष्य तरी काय! दोन्ही टोकांना मोराचा डोळा, निळ्यात हिरवा आणि हिरव्यात सोनेरी. मुठीपासून टोकापर्यंत चांदीचा वेल. अप्पांनी ते ज्याला दाखवलं नाही असा माणूस आमच्या गावात उरला नाही. केळीचे व्यापारी, मीटर वाचायला येणारा वायरमन, पोलिओचे डोस घेऊन येणाऱ्या ताई, आणि देवदर्शन करून सावलीला टेकलेले परगावचे यात्रेकरू सुद्धा. यात्रेकरू बिचारे आधी पाणी मागत आणि मग धनुष्य बघत. एका म्हातारीनं तर टॅबला हात लावून तो कपाळाला लावला. अप्पांनी तिला अडवलं नाही.

असं धनुष्य विकायचं आहे, असं अप्पा गेल्या वर्षी एका संध्याकाळी सहज म्हणाले, तेव्हा माझा कानांवर विश्वास बसेना. पैशाची नड म्हणावी, तर अप्पा कोणाचे मिंधे नाहीत. कारण विचारलं, तर म्हणाले की मन भरलं. काम न करणारा बैल दावणीला बांधून ठेवू नये, तसंच हे. आत काकूंनी भांडं आपटलं.

विकायची रीत मुलखात अगदी सोपी आहे. लिलावघर आहे. वस्तू तिथे ठेवायची, जो जास्त बोली लावेल त्याच्या घरी ती आपोआप जाते. विकणाऱ्याला घेणारा दिसत नाही, घेणाऱ्याला विकणारा. मी हे समजावून सांगितलं आणि अप्पांचा चेहरा लाल झाला. "पानीमा म्हैस अन् बाहेर मोल! असा धंदा मी नही करस." त्यांची अट एकच होती. धनुष्य कोणाच्या हातात जातंय ते आपल्या डोळ्यांनी बघणार. भाव मग. हात पसंत पडला नाही तर सोन्याचा डोंगर दिला तरी नाही.

तेव्हा मी मुलखाच्या चावडीवर जाहिरात लिहिली, की मोरधनुष्य विकणे आहे, गिऱ्हाइकानं समक्ष बोलावं.

गिऱ्हाइकांची रीघ लागली. पहिला हैदराबादेकडचा कोणी मोठा असामी होता, मुलखात त्याचा किल्ला होता. अप्पांनी मला सांगितलं, "इचारा त्याले, घरमा कोन कोन शेतस." घरी कोण कोण आहे, ते मी इंग्रजीत विचारलं. त्याला वाटलं आम्ही किल्ल्यातल्या फौजेबद्दल विचारतोय. त्यानं फौज सांगितली. अप्पा म्हणाले, फौज नको, मायबाप विचारा. तो जो गेला तो गेला. दुसऱ्यानं सांगितलं, की मी धनुष्य वापरणार नाही, माझ्या महालात भिंतीवर लावणार. अप्पांनी त्याला उत्तर द्यायलाही मला टॅबला हात लावू दिला नाही. "भितवर टांगाले धनुष्य नही ऱ्हास," म्हणून टॅब बंद केला आणि त्या दिवशी जेवले थोडं.

तिसरा मात्र बरा होता. पुण्यातला कोणी तरुण, बोलायला नम्र, घरी आई आहे म्हणाला. अप्पांना पसंत पडला आणि गोष्ट भावापर्यंत आली. आता भाव उघड बोलायचा नाही, ही सारंगखेड्याच्या यात्रेतली जुनी रीत. जनावराचा सौदा रुमालाखाली होतो. घेणारा आणि देणारा रुमालाखाली एकमेकांचा हात धरतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात. भोवती शंभर माणसं उभी असली तरी भाव दोघांनाच कळतो. अप्पांनी त्या पोराला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला. कॉल लागला. अप्पांनी डोक्याचा रुमाल सोडला, उजव्या हातावर टाकला आणि हात टॅबपुढे धरला. रुमालाखाली बोटं हलू लागली. पोरगा बघतोय. अप्पा भाव सांगतायत. पोरगा विचारतोय, काका, तुमच्या हाताला काही झालं आहे का? अप्पा म्हणाले, हा पहिला भाव, आता तू तुझा सांग. पोरानं घाबरून फोन ठेवला. अप्पा मला म्हणाले, की पोरगं कच्चं आहे, पहिल्याच भावाला पळालं.

मी हसू दाबत घरी आलो आणि मग मोकळेपणी हसलो. पण महिना गेला, दोन गेले, आणि हसू ओसरलं. धनुष्य विकलं जाईना आणि अप्पा खेळेनात. पाय धुवायचे, रुमाल बांधायचा, मुलखात जायचं आणि नुसतं दगडावर बसायचं. टोळी लढाईला बोलवायची तर म्हणायचे, तुम्ही व्हा पुढे. हल्ली ते चहाही तांब्यातून, दोन्ही हातांनी धरून पीत. मला वाटलं, आणखी एक तऱ्हा.

मग एस्तेर गावित आली. खरोखरच आली, एसटीनं, नवापूरकडच्या चिंचपाड्याहून, नंदुरबार करत. जाहिरातीतलं 'समक्ष' तिनं समक्षच धरलं होतं. तिशी ओलांडलेली बाई, नवऱ्याबरोबर भात आणि तूर करते, घरी शिवणकाम करते. बरोबर नवरा होता आणि पिशवीत घरच्या भाताचे तांदूळ होते. नवऱ्याचा गेमशी संबंध एवढाच, की रिचार्ज त्याच्या खिशातून जातो. तो राम राम घालून पलंगाच्या कडेला टेकला आणि जरा वेळानं झोपी गेला. ही बाई शेतातल्या राखणीच्या माळ्यावर चढून मुलखात जाते, कारण खाली रेंज येत नाही. घरची बोली कोकणी, म्हणजे तिकडच्या डोंगरातली, गोव्याची नव्हे; आमच्याशी शाळेतल्या मराठीत बोलत होती.

अप्पांनी नेहमीची उलटतपासणी केली. घरी कोण, जमीन किती, शिकार कोणाची करते, बाण वाया घालवते का. तिनं सगळी उत्तरं दिली. मग आपणहून सांगितलं, की सणात तिनंही मोर मारला होता. सगळे मारत होते म्हणून मारला, आणि तो पडल्यावर इतकं वाईट वाटलं की चार पिसं उचललीच नाहीत. मी मनात म्हटलं, आटोपलं, आता हिला तांदळासकट परत जावं लागणार. पण अप्पा रागावले नाहीत. खरं बोलणारं गिऱ्हाईक त्यांना बाजारात क्वचितच भेटलं असावं.

आणि मग तिनं ते विचारलं, जे आजवर कोणी विचारलं नव्हतं.

"अप्पा, खोड काय आहे याच्यात? आमच्याकडे बैल घेताना पहिलं हेच विचारतात."

आमच्याकडच्या बाजाराचा कायदा असा, की गिऱ्हाइकानं विचारलं नाही तर खोड सांगायचं बंधन नाही, पण विचारलं तर खरं सांगावंच लागतं. बैल मारका असेल, बसका असेल, एका डोळ्यानं अधू असेल, सांगायचंच. खोटं सांगून विकलेलं जनावर कधी ना कधी पुन्हा दारात येऊन उभं राहतं, असं म्हणतात. अप्पांनी आयुष्यात बरेच बैल विकले आणि एकदाही खोटं सांगितलं नाही, हा त्यांचा मोठा अभिमान. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. काकू दारात येऊन उभ्या होत्या, त्यांच्याकडे पाहिलं. मग आपला उजवा हात उशीवर काढून ठेवला. हात थरथरत होता. पिंपळाच्या पानासारखा सारखा, न थांबता.

"खोड धनुष्यमा नही," अप्पा म्हणाले. "खोड मना हातमा शे. बान आठे मारस, तो तठे जास."

तिरंदाजाला बोट काचेवर स्थिर धरावं लागतं, तेव्हा नेम बसतो. अप्पांचं बोट वर्षभरापासून ठरत नव्हतं. मला सांगितलं नव्हतं, डॉक्टरला सांगितलं नव्हतं, टोळीला तर नाहीच. एवढं मोठं धनुष्य मिरवणारा माणूस, नेम चुकतो म्हणून दगडावर बसून राहत होता. त्या क्षणी मला अप्पांचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा मोर न मारल्याबद्दलही वाटला नव्हता.

एस्तेरनं फार काही केलं नाही. वडीलधाऱ्यांचा धरावा तसा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, जरा वेळानं सोडला आणि म्हणाली, की मग धनुष्य चांगलं आहे, भाव बोलू या.

भाव म्हटल्यावर नवीच पंचाईत. रुमालाशिवाय भाव नाही, आणि "बाईना हात मी कसा धरू?" आत्ता तिनं हात धरला होता तो वेगळा, बाजारातला वेगळा, असं अप्पांचं शास्त्र. नवऱ्याला उठवावं तर त्याला धनुष्य म्हणजे काय ते ठाऊक नाही. शेवटी अप्पांनी काकूंकडे पाहिलं. काकू जन्मात बैलबाजारात गेल्या नव्हत्या. "चूलबी मीच करू अन् बाजारबी मीच करू का?" असं म्हणत त्यांनी पदराला हात पुसले आणि बसल्या. दोघींच्या हातांवर अप्पांनी पिवळा रुमाल टाकला.

रुमाल हलला. काकूंच्या कपाळाला आठी पडली. एस्तेरनं मान हलवली. रुमाल पुन्हा हलला. मग दोघी एकदम हसायला लागल्या, अशा की नवरा जागा झाला. अप्पा विचारतायत, किती ठरलं, किती ठरलं? काकूंनी रुमाल झटकून त्यांच्या हातात दिला. "रुमालखालनी गोट रुमालखालेच ऱ्हास," म्हणाल्या, आणि तांदूळ घेऊन आत गेल्या. तो भाव मला आजही ठाऊक नाही. अप्पांनाही नाही. मुलखातल्या मोहरा त्यांच्या खात्यात आल्या असतील, त्यांनी त्या उघडून पाहिल्याच नाहीत.

बैल जाताना करतात ते सगळं झालं. काकूंनी टॅबला हळदकुंकू लावलं, काचेवरचं मला नंतर पुसावं लागलं. पुरणपोळीचा नैवेद्य दाखवला. मग अप्पांचा तिरंदाज आणि एस्तेरची तिरंदाज मुलखात एकमेकांपुढे उभे राहिले आणि धनुष्य या हातातून त्या हातात गेलं. विकलेल्या जनावराला शिवेपर्यंत पोचवायचं असतं. ओसरीवर दोघं शेजारी शेजारी बसून मुलखात चालत निघाले, गव्हाच्या बांधाबांधानं. शीव आली तेव्हा अप्पा थांबले आणि ती पुढे गेली. मग खरी एस्तेर उठली, काकूंच्या पाया पडली, आणि नवराबायको संध्याकाळच्या एसटीनं गेले.

मला वाटलं, आता अप्पा गेम सोडतील. तिरंदाजाकडे धनुष्य नाही, हाताला नेम नाही, जाऊन करायचं काय? पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बघतो तर अप्पा पलंगावर, मांडीवर उशी, उशीवर टॅब. मी शेजारी जाऊन बसलो. त्यांचा तिरंदाज रिकाम्या हातांनी चालत चालत पार डोंगरापलीकडे गेला, जिथे एस्तेरच्या टोळीचा तळ आहे. तिथे तळापासून लांब उभा राहिला. जवळ गेला नाही, हाक मारली नाही. विकलेल्या जनावराला नव्या घरी नावानं हाक मारू नये, ते तिथे रुळत नाही. लांबून एस्तेर दिसत होती, झाडाला बांधलेल्या गवताच्या भाऱ्यावर नेम धरत होती. एक चुकला, दोन लागले. जरा वेळ बघून अप्पा परतले.

हे रोज चालू झालं. आठवडाभर मी गप्प बसलो आणि मग विचारलंच, की अप्पा, रोज एवढ्या लांब जायचं आणि नुसतं बघून यायचं, कशासाठी?

अप्पांनी टॅब बाजूला ठेवला. अंगणापलीकडे गोठा आहे, त्यात आता ठिबकच्या नळ्या पडलेल्या असतात. तिकडे बघत ते बोलले. पाय मोडून ते दवाखान्यात होते, तेव्हा धाकट्या भावानं त्यांचा शेवटचा बैल विकून टाकला. वाईट हेतूनं नव्हे. ट्रॅक्टर आला होता, वैरण महागली होती, आणि अप्पा उठतील की नाही याचीच खात्री नव्हती. दलाल आला आणि बैल घेऊन गेला. हळदकुंकू नाही, नैवेद्य नाही, शिवेपर्यंत कोणी गेलं नाही. प्लॅस्टर निघाल्यावर अप्पा काठी टेकत सगळ्या बाजारांतून हिंडले. दलालाला आठवत नव्हतं. अप्पांनी भावाला एक शब्द बोलून दाखवला नाही, आणि त्या बैलाचं नाव सात वर्षांत घरात पुन्हा कोणी काढलं नव्हतं.

"चांद्याले कोनी लिधा, त्याले नीट चारा भेटना का नही, माले आजलगून माहीत नही," अप्पा म्हणाले. "हाई धनुष्य कोठे शे ते माहीत शे. रोज दिखास."

आत काकू भाकरी थापत होत्या, त्यांचे हात थांबले.

"बरं शे ना तठे?" त्यांनी आतून विचारलं.

"बरं शे," अप्पा म्हणाले. "चांगला हातमा शे."